गाठ फोडून दाखव : जिवाणूंबद्दल गावात बोलू पाहणाऱ्या एका संशोधिकेला उत्तर

प्रश्न असा आला आहे : “मी पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कडधान्यांच्या मुळांजवळच्या जिवाणूंवर काम करते. गावी गेले की याबद्दल सांगावंसं वाटतं, पण ‘जंतू’ म्हटलं की सगळ्यांना रोगच आठवतात. किती सोपं करून सांगायचं? आकडे द्यायचे का? आपण चुकलो तर? गाइड म्हणतात, आधी पेपर, मग हे. पुढच्या महिन्यात आमच्या गावच्या शाळेत अर्धा दिवस मिळाला आहे. मॅडम, सुरुवात कुठून करू?”

मी मातीतल्या जिवाणूंवर बत्तीस वर्षं काम केलं आणि त्यातली बरीचशी वर्षं पाकिटं आणि पेट्री प्लेट घेऊन गावोगाव गेले. तुझ्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं मला एका सकाळी, एका बांधावर मिळाली. तेव्हा तीच गोष्ट आधी सांगते.

सातारा जिल्ह्यातलं गाव, खरिपाचा भुईमूग. पेरणीच्या आधी मी पारावर पंधरा-वीस जणांसमोर रायझोबियमची, म्हणजे कडधान्यांच्या मुळांवर गाठी करून राहणाऱ्या जिवाणूंची, बीजप्रक्रिया करून दाखवली होती. गुळाच्या पाण्यात पाकिटातलं संवर्धन (लॅबमध्ये वाढवलेले जिवाणू) कालवायचं, बियाण्याला हलक्या हातानं चोळायचं, सावलीत वाळवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. मग मी म्हणाले, “चार ओळी बिनलावलेल्या ठेवा. चाळीस दिवसांनी उपटून बघू. त्या ओळींच्या मुळांना गाठी दिसणार नाहीत.” अगदी ठासून म्हणाले.

चाळीस दिवसांनी गेले. शेतकऱ्यानं दोन्हीकडचं एकेक झाड उपटलं, मुळं बादलीत विसळली आणि माझ्यासमोर धरली. दोन्हींना भरपूर गाठी. “बाई, हे न लावलेलं. ह्याला बी हायत की.” मागे गाव उभं.

कारण मला माहीत होतं. ज्या रानात वर्षानुवर्षं भुईमूग, चवळी, मूग होत आले आहेत, तिथल्या मातीत या पिकांशी जुळणारे जिवाणू आधीपासूनच असतात. पेरणीआधीच्या बोलण्यातून मी ते गाळलं होतं, कारण गोष्ट सोपी करायची होती. बांधावर बसले आणि तसंच सांगितलं : मी अर्धं सांगितलं होतं, उरलेलं अर्धं हे. तो म्हणाला, “मग लावायचं का न्हाई?” मी म्हटलं, गाठ आहे की नाही एवढ्यावर ठरत नाही, ती काम करते का ते बघू. नखानं एक गाठ फोडली. आतून लाल. दुसरी फोडली, ती फिकट, हिरवट. मग सगळेच नखं लावून बसले. लाल म्हणजे कामावर असलेली गाठ, फिकट किंवा तपकिरी म्हणजे थकलेली किंवा कधी कामाला न लागलेली. दोन्ही ओळींतल्या तीस-तीस गाठी आम्ही मोजल्या. लावलेल्या ओळीत लाल थोड्या जास्त निघाल्या. पण तीस गाठींवरून निवाडा करता येत नाही, हेही मी तिथंच सांगितलं. तो शेतकरी नंतर दर खरिपाला चार ओळी बिनलावलेल्या ठेवत गेला, मी सांगितलेलं नसतानाही.

त्या सकाळपासून मी एक नियम पाळला, आणि तुलाही तोच सांगते. आपल्याला काय कळलंय ते सांगण्याआधी, ते कसं कळलं ते दाखवायचं. तू प्रयोगशाळेत प्रत्येक प्रयोगासोबत कंट्रोल, म्हणजे काहीच न केलेला तुलनेचा नमुना, ठेवतेस. गावात बोलतानाही ठेव. चार बिनलावलेल्या ओळी हा कंट्रोलच आहे, आणि ती कल्पना शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. शेजारच्या रानाशी तुलना करतच तो आयुष्य काढतो.

त्या लाल रंगाबद्दल दोन शब्द जास्त सांगते, कारण तुझा विषय हाच आहे आणि माझ्या मते सगळ्या सूक्ष्मजीवशास्त्रात सांगायला याहून सुंदर गोष्ट नाही. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण झाडाला तो तसाच घेता येत नाही. गाठीतला जिवाणू त्याचा अमोनिया करून देतो. हे काम करणारं त्याचं नायट्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) ऑक्सिजन लागला की निकामी होतं. पण जिवाणूला जगायला ऑक्सिजन तर हवाच. या पेचातून झाडानं काढलेली वाट म्हणजे तो लाल रंग : लेगहिमोग्लोबिन. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच कुळातलं. ते ऑक्सिजन धरून ठेवतं आणि जिवाणूला जेमतेम लागेल तेवढाच पोचवतं. भुईमुगाच्या मुळात रक्ताचा भाऊबंद आहे हे ऐकल्यावर लोक जे प्रश्न विचारतात, ते मी परिसंवादांतही क्वचित ऐकले आहेत. एका आजीनं विचारलं होतं, “मग झाडाला श्वास कोंडतो का?” पाणी साचलेल्या रानात गाठी का कमी होतात, या विषयाकडे मी त्या प्रश्नावरूनच वळले.

आता ‘जंतू’. या शब्दाशी भांडत बसू नकोस. लोकांच्या मनात तो रोगाशी जोडलेला आहे, आणि ते चूकही नाही. कॉलरा, विषमज्वर, क्षय, धनुर्वात ही सगळी जिवाणूंचीच करणी. तू ‘चांगले जंतू, वाईट जंतू’ असं सांगायला लागलीस तर पोरं टाळ्या वाजवतील, पण त्या मांडणीत पुढं अडकशील. आतड्यात निमूट राहणारा ई. कोलाय हा जिवाणू मूत्रमार्गात शिरला की दुखणं देतो. जागा बदलली, परिस्थिती बदलली की तोच जिवाणू वेगळा वागतो. असं सांगितलं तर मुलांनाही कळतं. वर्गात एक आणि घरी वेगळं वागणाऱ्या पोराचं उदाहरण ती स्वतःच देतात.

सुरुवात स्वयंपाकघरातून कर, पण नुसतं “दह्यात जिवाणू असतात” म्हणून थांबू नकोस. विरजण लावणाऱ्या बाईला विचार : दूध कोमटच का? कडकडीत दुधात विरजण का नाही घालायचं? थंडीत भांडं गुंडाळून का ठेवता? दही बिघडलं तर शेजारणीकडून विरजण का आणता? या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिच्या हाताला माहीत असतं. कडकडीत दुधात जिवाणू मरतात, गार दुधात त्यांची वाढ मंदावते. चांगल्या दह्यातलं चमचाभर रोज पुढच्या दुधात घालणं म्हणजे तू लॅबमध्ये करतेस तेच सबकल्चर. आणि शेजारीण म्हणजे तिचा ग्लिसरॉल स्टॉक, लॅबमध्ये उणे ऐंशी अंशांवर गोठवून राखलेला जिवाणूंचा साठा असतो तसा. तिच्या कामाला हे नाव मिळतं तेव्हा बाई खुर्ची पुढं ओढून बसते. मग सांग की जिवाणू दुधातल्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल करतात, सामू ४.६ च्या आसपास उतरला की दुधातलं केसीन गोठतं आणि दही लागतं. ‘सामू’ हाच शब्द वापर. माती परीक्षणाच्या कागदावर तो छापलेला असतो, शेतकऱ्यांच्या घरात ओळखीचा असतो. पीएच म्हणायची गरज नाही.

आणि तिथंच एक कुंपण घाल. लोक विचारतील, “म्हणजे घरचं दही प्रोबायोटिक?” सरसकट हो म्हणू नकोस. प्रोबायोटिक म्हणायला कोणता जिवाणू, किती संख्येनं आणि कशासाठी उपयोगी, हे दाखवावं लागतं. घरच्या दह्यातली वस्ती घराघरात आणि ऋतूऋतूत बदलते. दही चांगलं अन्न आहे, एवढं खात्रीनं सांग.

किती सोपं करायचं, या प्रश्नावर लोणारचं उदाहरण मला नेहमी आठवतं. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. सगळीकडे फोटो फिरले आणि कारणांचा पाऊस पडला : कुणी शैवाल म्हणालं, कुणी चमत्कार. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढं गेलं, नमुने तपासले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत रंगाचं कारण निघालं हॅलोआर्किया, म्हणजे अतिखारट पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव. पाऊस नव्हता, उन्हानं पाणी आटलं होतं, खारटपणा वाढला होता, त्यांना रान मोकळं मिळालं. या सगळ्यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अगदी साधी आहे. सरोवराचं पाणी न हलवता ठेवलं, तर गुलाबी जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. म्हणजे रंग पाण्याचा नव्हता, पाण्यातल्या जिवांचा होता. यासाठी यंत्र लागत नाही, काचेची बाटली आणि धीर लागतो. तुला गावात सांगायचं असेल तर ही बाटली सांग, जनुकांचे क्रम नंतर.

पण त्याच बातमीत अनेक ठिकाणी ‘गुलाबी जिवाणू’ असं छापून आलं. आर्किया हे जिवाणू नव्हेत. सूक्ष्मदर्शकाखाली सारखे दिसतात, पण वंशवृक्षावर त्यांची फांदी वेगळी, हे १९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी दाखवलं. आता चौथीच्या मुलाला हे सांगायचं का? मी असं सांगते : “जिवाणूंसारखेच दिसणारे, पण वेगळ्या कुळातले जीव.” एवढंच. मुलानं पुढं कधी आर्किया वाचलं तर त्याला आपलं वाक्य खोडावं लागत नाही, त्यात भर घालता येते. सोपं करताना माझी कसोटी हीच. भुईमुगाच्या ओळींबद्दल मी केलेलं विधान त्या कसोटीला उतरलं नव्हतं. ते पहिल्याच पिकाला खोडावं लागलं.

आकड्यांचंही तेच. “आपल्या शरीरात पेशींच्या दहापट जिवाणू आहेत” हे वाक्य मी स्वतः कितीतरी वर्षं व्याख्यानांत वापरलं. २०१६ मध्ये नव्यानं हिशेब मांडला गेला : एका सरासरी पुरुषाच्या शरीरात अंदाजे ३८ लाख कोटी जिवाणू आणि ३० लाख कोटी मानवी पेशी. म्हणजे जवळपास बरोबरी. जुना आकडा एका ढोबळ अंदाजावरून निघून सगळीकडे पसरला होता. त्यानंतरच्या पहिल्याच कार्यक्रमात मी फळ्यावर दोन्ही आकडे लिहिले आणि जुना खोडला. लोकांचा विश्वास उडेल अशी मला भीती होती. उलट एक शिक्षक म्हणाले, “पाठ्यपुस्तकातलं असं कुणी आमच्यासमोर खोडत नाही.” आकडा द्यायचाच तर ज्याचा हिशेब ऐकणाऱ्याला करता येतो असा दे. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय वीस मिनिटांनी दुप्पट होतो. मुलांना वहीत एकापासून दुप्पट करत जायला सांग. सात तासांत एकवीस वेळा दुप्पट, म्हणजे वीस लाखांच्या वर. मग विचार, बाहेर राहिलेलं दूध सकाळी का नासतं? आणि लगेच दुसऱ्या बाजूनं, क्षयाचा जिवाणू दुप्पट व्हायला जवळजवळ एक दिवस घेतो. त्याची प्लेट उगवायला आठवडे लागतात, त्याच्यावरचे उपचार महिनोन्‌महिने चालतात. एकाच गणितातून दोन्ही गोष्टी सुटतात.

“लोक ऐकत नाहीत” असं तू लिहिलेलं नाहीस, पण एक दिवस म्हणशील. त्या दिवशी आपल्याच मातीतला १८९७ चा इतिहास आठव. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. जिवाणूशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबरमध्ये आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात जागा मिळाली आणि तीन महिन्यांत त्यांनी लस तयार केली. १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, तो सोसला. तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वेच्छेनं टोचून घेतलेले आणि न घेतलेले कैदी यांची तुलना झाली. टोचलेल्यांत प्लेग कमी निघाला. परळची आजची हाफकिन संस्था त्यांच्या त्याच प्रयोगशाळेतून उभी राहिली, आणि १९२५ मध्ये तिला त्यांचं नाव मिळालं.

त्याच वर्षी पुण्यात काय झालं ते आपल्याला वेगळ्या कारणासाठी शिकवतात. रँडच्या कारकिर्दीत गोरे सैनिक घरात शिरले, माणसं तपासायला बाहेर काढली, देवघरं आणि माजघरं उलथीपालथी केली. संताप शिगेला पोचला आणि २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ म्हणून मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. प्लेगचा जिवाणू १८९४ मध्ये हाँगकाँगला ओळखला गेला होता, पण तो उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवलं ते १८९८ मध्ये. म्हणजे घरं धुणाऱ्या आणि माणसं हाकलणाऱ्या अधिकाऱ्यांनाही रोग कसा पसरतो हे पुरतं माहीत नव्हतं. माहीत नसलेल्या गोष्टीसाठी जबरदस्ती झाली, आणि कुणी काही समजावलं नाही. त्याच साथीत सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करत होत्या आणि त्याच रोगानं १० मार्च १८९७ ला गेल्या. लोकांचा विश्वास कुणाकडे राहिला असेल, ते सांगायला नको. आरोग्यातल्या माणसांकडे आजही गावात कुणी साशंक नजरेनं पाहिलं तर मी त्याला अडाणीपणा म्हणत नाही. आपण कसं बोलतो ते आधी तपासते.

प्रतिजैविकांचे प्रश्न प्रत्येक कार्यक्रमात येतील, तयारी ठेव. औषध सुचवायचं नाही, बदलायला सांगायचं नाही. आपण डॉक्टर नाही, हे पहिल्याच वाक्यात सांग. पण तीन गोष्टी खात्रीनं सांगता येतात. सर्दीपडसं बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतं आणि प्रतिजैविक विषाणूंवर चालत नाही. औषधाच्या पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. आणि उरलेल्या गोळ्या दुसऱ्याला द्यायच्या नाहीत. प्रतिकार कसा तयार होतो ते सांगताना “शरीराला औषधाची सवय होते” हे वाक्य लोकांच्या तोंडी असतं. ते तिथंच हळुवारपणे दुरुस्त कर : सवय शरीराला होत नाही, औषधातून वाचलेल्या जिवाणूंची पिढी वाढते. तणनाशक मारूनही उरणाऱ्या तणाचा दाखला दिला की शेतकऱ्याला पुढचं सांगावं लागत नाही.

गाइडबद्दल. त्यांचं अर्धं बरोबर आहे. अप्रकाशित निष्कर्ष, तुझ्या जिवाणूचं नाव, “हे वापरलं तर उत्पन्न इतकं वाढेल” असला दावा, हे त्यांना विचारल्याशिवाय बाहेर सांगायचं नाही. पण विरजण, गाठी, ग्रॅम स्टेनिंग (जिवाणू रंगवून ओळखायची पद्धत), कंटॅमिनेट झालेली, म्हणजे नको ते जिवाणू शिरलेली प्लेट हे सांगायला पेपर लागत नाही. महिन्यातला एक रविवार ठरव आणि त्यांना तो आधी सांग. माझ्या विद्यार्थ्यांपैकी जे गावात बोलत, त्यांचे प्रबंध अधिक स्पष्ट लिहिलेले असत. हे माझं निरीक्षण, यालाही कंट्रोल नाही.

आता तो शाळेतला अर्धा दिवस. मुलांच्या हातांचे ठसे उघड्या प्लेटवर घेऊन वर्गात वाढवायचा प्रयोग करू नकोस. काय वाढतंय ते आपल्याला माहीत नसतं, आणि लाखोंच्या संख्येनं वाढलेलं ते मुलांच्या नाकाखाली उघडलं जातं. करायचाच तर प्लेट चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद कर, बाहेरूनच दाखव, परत लॅबमध्ये आण आणि १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करून मग टाक. ऑटोक्लेव्ह म्हणजे काय असं विचारलं तर कुकर दाखव. दाब वाढला की पाणी शंभराच्या वरच्या तापमानाला उकळतं, दोन्हींत तत्त्व एकच.

त्याऐवजी भुईमुगाची किंवा चवळीची दहा-बारा झाडं मुळांसकट घेऊन जा. ओढून उपटू नकोस, खुरप्यानं माती सैल करून काढ, नाहीतर गाठी मातीतच राहतात. एक बादली पाणी, प्रत्येक गटाला एक पांढरी ताटली. गाठी मुलांना नखानं फोडू दे, लाल किती, फिकट किती, फळ्यावर बेरीज मांड. गाठी सुकल्या की रंग तपकिरी होतो, म्हणून झाडं त्याच सकाळी काढ आणि ओल्या गोणपाटात ने.

दुसरं, दही. फोल्डस्कोप, म्हणजे घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक, असेल तर डबक्यातल्या पाण्यासाठी वापर, त्यातून पोहणारे जीव छान दिसतात. पण तो साधारण १४० पट मोठं दाखवतो, दह्यातले जिवाणू नीट पाहायला हजार पट लागतं. म्हणून लॅबचा सूक्ष्मदर्शक आण. साय नको, स्निग्धांश मध्ये येतो. दह्यावर सुटलेल्या पाण्याचा एक थेंब काचेवर पसरायचा, वाळवायचा, ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवायचा, मिनिटभर मेथिलीन ब्लू, मग पाणी. कुठं मण्यांच्या माळा दिसतील, कुठं काड्या. कुणाच्या घरचं दही ते आधी विचार आणि स्लाइडवर त्या घराचं नाव लिही. दोन-तीन घरांचं आणलंस तर मुलं स्वतःच तुलना सुरू करतील.

हजार पटीच्या भिंगासाठी स्लाइडवर घालायच्या तेलाची छोटी बाटली आणि भिंग पुसायचा कागद विसरू नकोस, गावात मिळत नाही. मेथिलीन ब्लू गणवेशावर पडलं तर लवकर निघत नाही, एक जुनं धोतर फाडून टेबलावर अंथर. आणि मुलं विचारतील त्यातला एखादा प्रश्न तुला येणार नाही, तो वहीत त्या मुलाच्या नावासकट लिहून घे आणि उत्तर शाळेच्या पत्त्यावर टपालानं पाठव.